आखूड दिवसांचा हंगाम : रायपूरच्या महाविद्यालयीन खेळाडूचा हिवाळा

रायपूरचा हिवाळा खेळासाठी उत्तम मानला जातो, आणि पाऱ्याकडे पाहिले तर ते खरेच आहे. मे महिन्यात जे शहर ४४-४५ अंशांत भाजून निघते, तिथे डिसेंबर-जानेवारीत दुपारचे तापमान २७-२८ अंशांच्या आसपास राहते आणि पहाटेचे १३-१४ अंश. उत्तरेकडचे वारे सुटले की पहाटेचा पारा १० अंशांखालीही उतरतो. घाम कमी येतो, दम उशिरा लागतो, लांब पल्ल्याचे धावणे सुसह्य होते. म्हणूनच देशातल्या बहुतेक विद्यापीठीय स्पर्धा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घेतल्या जातात. आणि तरीही महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूची सर्वाधिक ओढाताण याच चार महिन्यांत होते. थंडीचा त्यात वाटा थोडा आहे. खरा पेच उजेडाचा आणि वेळापत्रकाचा आहे.

हा पेच कळायला बूढापाऱ्यातल्या विद्यार्थी-खेळाडूचा दिवस पाहावा. बूढापारा हा रायपूरच्या जुन्या वस्तीतला, बूढा तालाबाच्या काठचा भाग. तलावाला आता विवेकानंद सरोवर हे नाव आहे, कारण १८७७ ते १८७९ या काळात बालवयातले नरेंद्रनाथ दत्त (पुढचे स्वामी विवेकानंद) कुटुंबासह याच परिसरात राहत होते. तलावाजवळ बलबीरसिंग जुनेजा इनडोअर स्टेडियम आहे. जवळच सप्रे शाळा आणि तिचे मैदान आहे. ही शाळा ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते माधवराव सप्रे (१८७१-१९२६) घरात मराठी बोलणारे आणि लेखणीने हिंदीचे. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेणारे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आणि पुढे मध्य प्रांताच्या काळात इकडे आलेली मराठी कुटुंबे तात्यापारा आणि आसपासच्या जुन्या वस्तीत स्थिरावली. त्यांच्या आजच्या पिढीतला खेळाडू घरी मराठी बोलतो, मैदानावर हिंदी आणि संघातल्या सोबत्यांशी छत्तीसगढी. काही अंतरावर कालीबाडीला शासकीय दू. ब. महिला महाविद्यालय आहे. पश्चिमेला जीई रोडवर नागार्जुन विज्ञान महाविद्यालय, १९६४ साली स्थापन झालेले पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आणि २०१५ च्या अखेरीस हॉकी वर्ल्ड लीगची अंतिम फेरी जिथे झाली ते आंतरराष्ट्रीय हॉकी स्टेडियम आहे. बूढापाऱ्यातल्या विद्यार्थी-खेळाडूचा हिवाळ्याचा दिवस या दोन टोकांमध्ये सायकल, स्कूटी किंवा ऑटोने ये-जा करण्यात जातो.

उजेडाचा हिशेब महाराष्ट्रातल्या वाचकाला सहज लक्षात येणार नाही, कारण तिथला सूर्य घड्याळाच्या मागे असतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते. रायपूर त्या रेषेच्या अगदी जवळ, तर मुंबई जवळजवळ दहा अंश पश्चिमेला. परिणामी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत संध्याकाळी सहा वाजता सूर्य मावळतो, तेव्हा रायपुरात सूर्यास्त होऊन चाळीस मिनिटे झालेली असतात. ५ वाजून २० मिनिटांनी इथे सूर्य बुडतो आणि पावणेसहापर्यंत चेंडू दिसेनासा होतो. सकाळी मात्र मुंबईपेक्षा अर्धा तास आधी, साडेसहाच्या सुमारास उजाडते. जानेवारीच्या मध्याला सूर्योदय पावणेसातपर्यंत लांबतो. महाविद्यालयाचे तास आणि प्रात्यक्षिके आटोपून मुलगा मैदानावर पोचतो साडेचार-पावणेपाचला. वॉर्म-अपला पंधरा-वीस मिनिटे गेली की खऱ्या सरावाला उरतो अर्धा-पाऊण तास. ज्या मैदानावर दिव्यांची सोय नाही तिथे संध्याकाळचा सराव म्हणजे जेमतेम अंग मोकळे करणे. बॅडमिंटन, टेबल टेनिस अशा छताखालच्या खेळांना ही अडचण नसते. धावपटू, खो-खो, फुटबॉल आणि हॉकीचे खेळाडू मात्र पहाटेकडे ढकलले जातात.

पहाटे पाचचा सराव ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. तिच्यामागचा निर्धार आदराचा आहे, पण हिवाळ्यात ती वेळ शरीराला अनुकूल नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. शरीराच्या आतले तापमान दिवसभरात खालीवर होत असते. पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत कमी असते आणि संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान सर्वांत जास्त. ताकद आणि वेग लागणाऱ्या कामगिरीचा आलेखही साधारण त्याच वळणाने जातो. स्नायूंचे तापमान एक अंशाने घटले की उडी आणि स्प्रिंटमधली ताकद ४ ते ६ टक्क्यांनी कमी होते, असे प्रयोगांत आढळले आहे. मज्जातंतूंतून संदेश जाण्याचा वेग मंदावतो, सांध्यांतले वंगण दाट होते. पहाटे पाच वाजता गारठलेल्या अंगाने पूर्ण वेगात धावायला सांगितलेला मुलगा मांडीमागचा हॅमस्ट्रिंग दुखावून घेतो, तेव्हा दोष त्याच्या ‘कच्चेपणा’चा नसतो.

म्हणून हिवाळ्यात वॉर्म-अप हाच सरावातला सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो, आणि नेमका त्यालाच सर्वाधिक फाटा दिला जातो. स्प्रिंटरचे उदाहरण घ्यावे. तो ट्रॅकसूट न काढता आठ-दहा मिनिटे हलके धावतो. कपाळावर घामाचा पहिला ओलावा येईपर्यंत. मग उभ्यानेच पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणे, चालता चालता लंजेस, गुडघे छातीपर्यंत उचलत धावणे, टाचा मागे नितंबांना लावत धावणे. शेवटी साठ मीटरच्या तीन-चार फेऱ्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोड्या अधिक वेगाने. चौथ्या फेरीला पूर्ण वेगाच्या जवळ. त्यानंतर स्पाइक्स घातले जातात आणि ट्रॅकसूटची पँट उतरते. वाकून पाय धरून मिनिट-मिनिट ताणत बसण्याची सवय शाळेपासून लागलेली असते. पण धावण्याच्या अगदी आधी एकेक स्नायू साठ सेकंदांहून जास्त वेळ असा ताणून धरला तर ताकद काहीशी घटते. ते ताणणे सरावानंतरसाठी ठेवावे. आणखी एक बाब स्पर्धेच्या दिवशी हमखास विसरली जाते. तापवलेले स्नायू पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा गार होऊ लागतात. शर्यतीचा पुकारा लांबला आणि मुलगा नुसत्या शॉर्ट्समध्ये गवतावर बसून राहिला, तर आधीची सगळी मेहनत दवात गेली. बॅगेत एक जादा कोरडा टी-शर्ट आणि लोकरी टोपी असणे, हे महागड्या बुटांइतकेच उपयोगी असते.

दव ही स्वतंत्र अडचण आहे. नोव्हेंबरनंतर रायपूरच्या मोकळ्या मैदानांवर सकाळी आठपर्यंत गवत ओले असते. वळताना पाय घसरतो, घोटा मुरगळतो. मुरमाच्या मैदानावर उलट दुखणे उद्भवते. पाऊस संपून दोन-तीन महिने झालेले असतात, जमीन टणक होते, आणि रोज त्यावर धावणाऱ्यांच्या नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागते. सुरुवातीला सराव सुरू झाला की हे दुखणे जाते आणि नंतर परत येते. खेळाडू ते अंगावर काढतात. बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूला तीव्र कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणका लागत असेल, तर हाडाला सूक्ष्म चीर गेली असण्याची शक्यता धरून धावणे थांबवावे लागते. टणक मैदानावर संध्याकाळी पाणी मारणे हा जुना आणि स्वस्त उपाय आहे.

पहाटेच्या सरावाविरुद्धचे दुसरे कारण हवा. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन तिथेच अडकते, वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. रायपूरच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा हे औद्योगिक पट्टे आहेत, त्यात स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. शिवाय वाहनांचा आणि शेकोट्यांचा धूर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात छत्तीसगढमधली रायपूर, भिलाई आणि कोरबा ही शहरे घेतली गेली, ती याच कारणाने. विश्रांतीत माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. जोरात धावणारा खेळाडू शंभर लिटरांहून अधिक, तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी वगळून. थंड, कोरड्या हवेने काहींच्या श्वासनलिका आकसतात. धावणे थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत खोकल्याची ढास लागते, छातीत शिटी वाजते. याला ‘स्टॅमिना कमी’ म्हणून सोडून देण्याची पद्धत घातक आहे. हा दम्याचाच एक प्रकार असू शकतो, त्याचे निदान सोपे आहे, आणि इनहेलर वापरणारे खेळाडू ऑलिंपिकमध्ये पदके जिंकतात. सूर्य वर येऊन जमीन तापू लागली की अडकलेली हवा हलते. म्हणून सकाळचा सराव सातनंतर ठेवणे शरीर आणि हवा या दोन्ही दृष्टींनी योग्य. त्यासाठी महाविद्यालयाने खेळाडूंच्या पहिल्या तासाला सवलत द्यावी लागते. ज्या महाविद्यालयाचे क्रीडा अधिकारी आणि प्राचार्य हे एकदा बसून ठरवतात, तिथल्या मुलांचा अख्खा हंगाम सुधारतो.

खाण्याच्या बाबतीत हिवाळा उदार असतो. बाजारात लाल भाजी, पालक, मेथी, हरभऱ्याची आणि तिवऱ्याची (विदर्भातली लाखोळी) कोवळी भाजी, आवळे, मटार, हिरवा हरभरा यांची रेलचेल असते. भाटापाऱ्याचे पोहे बारमाही. मराठी घरांत तिळाचे आणि डिंकाचे लाडू होतात, छत्तीसगढी घरांत तांदळाच्या पिठाचा चिला आणि फरा. नियमित कसरत करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज साधारण १.४ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या खेळाडूला ८४ ते १२० ग्रॅम. भात, डाळ आणि भाजीच्या डब्यातून ती पुरी पडत नाहीत. मात्र पावडरीचे डबे घेण्याचीही गरज नसते. पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांतून पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, दोन अंड्यांतून बारा, मूठभर फुटाण्यांतून आठ-दहा. त्यात दूध-दही आणि शेंगदाणे धरले की हिशेब जुळतो. सकाळच्या सरावानंतर तासाभरात काहीतरी पोटात जावे, एवढे पथ्य पाळले तरी फरक जाणवतो. बरेच विद्यार्थी सरावाहून थेट तासाला जातात आणि पहिले अन्न दुपारी एकला घेतात. ही सवय मोडायला हवी. थंडीत तहान लागत नाही, लघवीला मात्र वारंवार होते. म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडले आहे.

रायपूरच्या खेळाडूच्या आरोग्यात दोन विषय असे आहेत की त्यांच्याशिवाय सरावाची कुठलीही चर्चा अपुरी राहते. पहिला रक्तक्षय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार छत्तीसगढमधल्या १५ ते ४९ वयाच्या जवळजवळ ६१ टक्के महिला रक्तक्षयी आहेत. देशाचे प्रमाण ५७ टक्के. महिला महाविद्यालयातली जी मुलगी आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत मागे पडते, तिच्या जिद्दीला बोल लावण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासले पाहिजे. पालेभाजीवर लिंबू पिळणे किंवा आवळा खाणे आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलणे, या दोन गोष्टींनी अन्नातले लोह अंगी लागायला मदत होते. कमतरता मोठी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात.

दुसरा विषय सिकल सेल. छत्तीसगढ आणि पूर्व विदर्भ या सलग पट्ट्यात हा आनुवंशिक दोष मोठ्या प्रमाणावर आहे. आईवडील दोघांकडून दोषी जनुक आले तर सिकल सेलचा आजार होतो. थंडी, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम यांनी अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना होतात. अशा विद्यार्थ्याने थंड पाण्यात पोहणे आणि दमछाक करणारे खेळ टाळावेत. हलका व्यायाम डॉक्टरांच्या देखरेखीखाली करता येतो. एकाच पालकाकडून जनुक आलेला मात्र केवळ वाहक असतो. तो निरोगी असतो, खेळू शकतो आणि उत्तम खेळाडू होऊ शकतो. त्याला धोका असतो तो विशिष्ट परिस्थितीत : सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी लागोपाठ पूर्ण वेगाच्या फेऱ्या, अंगात ताप, पोटात पाणी नाही. अशा वेळी पाय एकाएकी जड होतात, मांड्या-पोटऱ्या दुखू लागतात, पण गोळा आल्यासारखा स्नायू कडक होत नाही. मुलगा मटकन खाली बसतो. शुद्धीवर असतो, बोलत असतो, म्हणून प्रशिक्षकाला वाटते की तो कामचुकारपणा करतो आहे. ‘उठ, अजून दोन फेऱ्या’ हा हुकूम इथे प्राणघातक ठरू शकतो. त्याला तत्काळ थांबवून पाणी देणे, शक्य असेल तिथे ऑक्सिजन लावणे आणि विनाविलंब रुग्णालयात नेणे हाच उपाय. अमेरिकेत २००६ साली राईस विद्यापीठाच्या एका वाहक फुटबॉलपटूचा सरावानंतर मृत्यू झाला. त्यानंतर तिथल्या विद्यापीठीय क्रीडासंघटनेने २०१० पासून अव्वल विभागातल्या खेळाडूंसाठी सिकल सेलची तपासणी बंधनकारक केली. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी त्यात योजली गेली. रायपुरात या रोगासाठी स्वतंत्र सिकल सेल संस्थाही आहे. एवढे सगळे हाताशी असताना महाविद्यालयाच्या खेळाडू नोंदणी अर्जावर रक्तगटाशेजारी सिकल सेलचा एक रकाना असायलाच हवा. वाहक निघालेल्याला संघातून वगळण्यासाठी ही माहिती वापरता कामा नये. त्याच्या फेऱ्यांमध्ये विश्रांती वाढवण्यासाठी वापरावी.

वेळापत्रकाचा पेच शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून अधिक घट्ट झाला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार छत्तीसगढच्या महाविद्यालयांत पदवीला सत्र पद्धत आली. पूर्वी वार्षिक परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर असे आणि हिवाळा खेळासाठी मोकळा राही. आता सत्राची परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापन डिसेंबरच्या आसपास येते आणि तेव्हाच विद्यापीठाचा संघ बाहेर पडतो. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यांतून विद्यापीठाचा संघ, मग भारतीय विद्यापीठ संघाच्या विभागीय स्पर्धा, आणि सांघिक खेळांत तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत, असा हा क्रम असतो. छत्तीसगढची विद्यापीठे पूर्व विभागात आणि शेजारचे नागपूर विद्यापीठ पश्चिम विभागात. त्यामुळे रायपूरचा संघ नागपूरऐवजी ओडिशा, बंगाल किंवा पूर्वांचलाच्या गाड्या धरतो. स्लीपर डब्यातली थंडीची रात्र, पहाटे उतरणे, वर्गखोलीत गाद्या टाकून मुक्काम, बर्फगार पाण्याने अंघोळ आणि साडेनऊला पहिला सामना, हा या हंगामातला ठरलेला अनुभव. रात्रभर आखडून झोपलेल्या अंगाला सामन्याआधी नेहमीपेक्षा लांब वॉर्म-अप लागतो. शक्य असेल तर व्यवस्थापकाने एक दिवस आधीची गाडी पकडावी. वाचलेल्या भत्त्यापेक्षा वाचलेला हॅमस्ट्रिंग मोलाचा.

या सगळ्यात पहिली कात्री लागते ती झोपेला. पहाटेचा गजर आणि रात्रीचा अभ्यास यांच्यामध्ये पाच-साडेपाच तास उरतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितले गेले. त्यांची स्प्रिंटची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली आणि फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. ते खेळाडू थोडेच, अकरा होते, तरी फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही. झोप तुटली की सर्दी-खोकलाही लवकर जडतो. नाक गळत असेल आणि ताप नसेल तर हलका सराव चालतो. ताप किंवा छातीत कफ असेल तर मुळीच नाही.

विद्यार्थी एवढे सोसतात त्यामागे पदकाची ओढ आहे, तशीच एका कागदाचीही आहे. केंद्र सरकारच्या खेळाडू कोट्यातल्या भरतीसाठी आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेला खेळाडू पात्र धरला जातो, आणि त्याचे प्रमाणपत्र ‘फॉर्म ३’ या नमुन्यात विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांच्या सहीने मिळते. रेल्वे, आयकर, टपाल अशा खात्यांतल्या जागांची वाट या कागदावरून जाते. साध्या घरातल्या मुलासाठी डिसेंबरमधला तो एक आठवडा पुढच्या आयुष्याचा आधार असू शकतो. तेव्हा स्पर्धेमुळे चुकलेला पेपर पुन्हा घेण्याची तरतूद प्रत्येक विद्यापीठाने लेखी नियमातच करावी. एखाद्या दयाळू प्राध्यापकाच्या मर्जीवर ती सोडणे हा खेळाडूवर अन्याय आहे. असा पेपर पुन्हा देण्यासाठी अर्ज करताना संघनिवडीचे पत्र, स्पर्धेचे वेळापत्रक, प्रवासाची तिकिटे आणि सहभागाचे प्रमाणपत्र यांच्या प्रती जोडाव्या लागतात. हुशार खेळाडू त्यांतल्या पहिल्या तीन गाडीत बसण्यापूर्वीच फाइलमध्ये लावून ठेवतो.

फेब्रुवारीच्या मध्याला रायपूरचा सूर्यास्त सहापर्यंत सरकतो आणि दुपारचा पारा तिशीकडे जातो. संध्याकाळच्या सरावाला पुन्हा तासभर उजेड मिळू लागतो. स्पर्धा संपलेल्या असतात. दोन-तीन आठवडे भार कमी ठेवून दुखरे भाग बरे करणे, दुसऱ्या सत्राचा राहिलेला अभ्यास भरून काढणे आणि मार्चपासून सराव सकाळी सहावर आणणे, अशी पुढची आखणी होते.